खड्डा जागचा हलत नाही

वाचकहो, मथळा वाचून तुमचा समज होईल की हा मजकूर गावाकडच्या रस्त्यांविषयी आहे. तसे मुळीच नाही. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे दर पावसाळ्यात जागा बदलतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. मी ज्या खड्ड्यांविषयी सांगणार आहे ते १९८५ साली जिथे होते तिथेच आजही आहेत, आणि मी त्यांत आजही पडतो.

हे खड्डे आहेत ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ नावाच्या व्हिडिओ गेममधले. तुम्ही म्हणाल, शेती खात्यात तीस वर्षे काढलेला, बी.एस्सी. ॲग्री झालेला, पन्नाशी ओलांडलेला हा गृहस्थ. याने हुमणीवर लिहावे, बोंडअळीवर लिहावे, हे काय पोरखेळ घेऊन बसला? तुमचे म्हणणे रास्त आहे. हुमणीवर मी पुष्कळ लिहिले आहे आणि हुमणी काही त्यामुळे कमी झालेली नाही. पण गेले वर्षभर आमच्या घरात बापलेकांचे जे काही बोलणे झाले ते या खेळाच्या निमित्ताने झाले. आणि ज्याला आम्ही ‘विस्तार कार्य’ म्हणतो, म्हणजे शेतकऱ्याला नवे काही पटवून द्यायचे काम, तेही या खेळाइतके सफाईने केलेले मी फारसे कुठे पाहिलेले नाही. म्हणून हा खटाटोप.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एस.टी.च्या खिडकीशी बसले की बाहेरची झाडे, विहिरी, खळी एकामागून एक मागे सरकत जातात ना, तसा टीव्हीच्या पडद्यावर एक मुलूख सरकत जातो. त्यात मिशीवाला, लाल टोपीचा एक बुटका माणूस असतो. तो मारिओ. त्याला डावीकडून उजवीकडे न्यायचे. वाटेत विटांचे ओटे, हिरवे पाइप, चालून येणारी कासवे आणि खड्डे. मारिओला हत्यार असे काही नाही. उडी हेच त्याचे हत्यार. शत्रूच्या डोक्यावर उडी मारली तर शत्रू मरतो, शत्रू अंगाला शिवला तर मारिओ मरतो. खड्ड्यात पडला तर मरतोच. तीन वेळा मेला की खेळ संपला, पुन्हा पहिल्यापासून. आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, असे एकूण बत्तीस टप्पे. शेवटच्या किल्ल्यात एक राजकन्या कोंडलेली आहे म्हणतात. म्हणतात एवढ्यासाठी की मी तिला अजून पाहिलेली नाही.

ऐकायला सोपे वाटते. हातात घेतल्यावर कळते. उडीची कळ जितका वेळ दाबून धराल तितकी उडी उंच जाते. दुसरी कळ दाबली तर मारिओ धावतो, पण धावता मारिओ जागच्या जागी थांबत नाही. उताराला लागलेल्या बैलगाडीसारखा दोन पावले पुढे घसरतोच. लांब खड्डा ओलांडायचा तर धावूनच उडी घ्यावी लागते, आणि धावत गेले की पलीकडच्या अरुंद ओट्यावरून घसरून दुसऱ्या खड्ड्यात जाण्याची सोय होते. शिवाय वरच्या कोपऱ्यात वेळ मोजला जात असतो. आणि एकदा मागे सरकलेला मुलूख पुन्हा दिसत नाही. पडद्याच्या डाव्या कडेला जणू कुलूप असते. नाणे राहिले, अळिंबी राहिली, तर राहिली.

हा खेळ जपानच्या क्योतो शहरातल्या निन्टेन्डो कंपनीने काढला. कंपनी १८८९ सालची, मूळ धंदा पत्त्यांचा. खेळ रचणारे मुख्य दोघे, शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका. त्याचे संगीत कोजी कोंदो यांचे. सगळा खेळ, संगीतासकट, चाळीस किलोबाइट एवढ्या जागेत बसवला आहे. तुमच्या मुलाने मोबाइलवर बैलजोडीचा काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट जागा खातो. जागा वाचवण्यासाठी त्यांनी काय काय केले पाहा. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हे एकच चित्र आहे. वर पांढरे रंगवले की ढग, खाली हिरवे रंगवले की झुडूप. मारिओला मिशी का? इवल्याशा चित्रात तोंड काढणे जमेना म्हणून. टोपी का? केस काढायला नकोत म्हणून. आपल्याकडे जुन्या धोतराची पाळण्याची गोधडी करणाऱ्या बायांना हे लगेच कळेल.

आमच्या घरी हा खेळ २००४ च्या दिवाळीत आला. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी होतो, मुलगा तिसरीत. अस्सल जपानी संच आपल्याकडच्या बाजारात कुठला? मिळत ते नकली, चिनी किंवा तायवानी बनावटीचे. त्यासोबत पिवळी कॅसेट, तिच्यावर छापलेले ‘९९९९९९९ खेळ’. प्रत्यक्षात खेळ मोजून सात-आठ, तेच पुन:पुन्हा वेगळ्या नावाने. (बोगस खताच्या पोत्यावरची छपाई मला पाठ असल्याने याचे नवल वाटले नाही.) कॅसेट लागली नाही की काढायची, तिच्या फटीत फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. फुंकरीने खरोखर काही होते की नाही हे देव जाणे, पण त्या काळात फुंकर न मारणारे पोर मी पाहिले नाही.

मुलगा झोपला की मी खेळत असे. दिवसभर बांधावर फिरून आलेल्या माणसाला रात्री अर्धा तास कोणी ‘साहेब’ न म्हणता अपमान करून घ्यायला बरे वाटते.

आणि तिथेच मला तो पहिला टप्पा दिसला. म्हणजे डोळ्यांनी पहिल्या दिवशीच दिसला होता. त्यात काय केलेले आहे ते हळूहळू दिसले.

खेळ सुरू होतो तेव्हा मारिओ पडद्याच्या डाव्या अंगाला उभा असतो. उजवीकडे सगळे मोकळे. ‘उजवीकडे जा’ असे कुठेही लिहिलेले नाही, पण कोणताही माणूस उजवीकडेच जातो. चार पावलांवर एक तपकिरी, फुगल्या गालांचा प्राणी समोरून येतो. तो शिवला की मारिओ मेला. पण नुकसान काय? चार पावलांचे. दुसऱ्यांदा माणूस उडी मारतो. डोक्यावर प्रश्नचिन्हाचा एक चमकता ठोकळा असतो, त्याला डोके लागते, नाणे निघते. म्हणजे ठोकळ्याला डोके मारायचे असते हे कळले. पुढच्या ठोकळ्यातून नाण्याऐवजी अळिंबी निघते. ती उजवीकडे घरंगळत जाते, हिरव्या पाइपाला आपटते आणि उलटी तुमच्याकडे येऊ लागते. नवा खेळणारा घाबरतो. मघाचा प्राणीही असाच चालत आला होता. तो उडी मारायला बघतो, तर वर ठोकळ्यांची रांग. डोके आपटून खाली येतो तो बहुधा त्या अळिंबीवरच. आणि मरण्याऐवजी मारिओ दुप्पट मोठा होतो! अळिंबी चांगली असते हे त्याला कोणीही न सांगता समजले. हे सगळे मुद्दाम रचलेले आहे, असे मियामोतो यांनी पुढे मुलाखतीत उलगडून सांगितले आहे.

(आमच्या भागात धिंगरी अळिंबी खाऊन बघा म्हणून मी दोन वर्षे गावोगाव सांगत हिंडलो. लोक तिला मटणात मोजत. तेव्हा एक पाइप मलाही हवा होता.)

त्याच टप्प्याच्या शेवटाकडे दगडी पायऱ्यांचे दोन ढीग समोरासमोर येतात. एकावरून दुसऱ्यावर उडी मारायची. चुकली तर? मध्ये साधी जमीन आहे. खाली पडलात, कपडे झटकलेत, पुन्हा चढलात. थोडे पुढे गेले की पुन्हा तसेच दोन ढीग, पण आता त्यांच्या मधोमध खड्डा. तोवर हात तयार झालेला असतो.

वाचकहो, आधी जमीन, मग खड्डा. हे पाहिले तेव्हा रात्री अकरा वाजता मी खेळ थांबवून नुसता बघत बसलो. कारण माझ्या नोकरीचे सार तेच आहे, आणि ते मला कोणत्याही प्रशिक्षणवर्गात इतक्या उघडपणे दाखवलेले नव्हते.

सोयाबीनचे घरचे बी पेरण्याआधी उगवण तपासा असे आम्ही सांगतो. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचे. आठवड्यात उलगडून कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर एकरी तीस किलोने बिनधास्त पेरा. कमी आले तर त्या मानाने बियाणे वाढवा, फारच कमी असेल तर ते बी बाजूला ठेवा. ही कोणती गोष्ट झाली? पायऱ्यांमधली जमीन. इथे पडलात तर मूठभर दाणे गेले. २०२० च्या खरिपात राज्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलेच नाही, दुबार पेरणीची वेळ आली, ते तुमच्या लक्षात असेल. त्या वर्षी ज्याने गोणपाट उलगडून पाहिले होते त्याला जूनमध्येच कळले होते. बाकीच्यांना शेतात कळले, बियाण्याचे, खताचे आणि पेरणीचे पैसे मातीत गेल्यावर. आमच्यासारखे लोक पत्रके वाटतात, भोंग्यावर बोलतात. पण पहिले पडणे स्वस्तात घडवून आणणे हे खरे काम, आणि ते त्या क्योतोच्या माणसांना चांगले साधले होते.

आता पुढे खेळ कठीण होत जातो. चौथ्या जगाचा किल्ला म्हणजे चकवा. योग्य वाटेने गेला नाहीत तर तोच तो भाग पुन:पुन्हा येत राहतो, आणि आपण चुकलो आहोत हेही कोणी सांगत नाही. वेळ संपून मारिओ मरतो. आमच्या चिरंजीवांनी त्या वेळी माझ्या जुन्या माती-परीक्षणाच्या फॉर्मांच्या पाठीवर पेन्सिलीने त्या किल्ल्यांचे नकाशे काढले होते. कुठे वरून, कुठे खालून, कुठल्या पाइपात शिरायचे, सगळे बाणांनी. त्याच्या आईने ते कागद रद्दीत टाकले नाहीत, ट्रंकेत ठेवले. का, ते तिलाच ठाऊक.

पाचव्या जगापासून तोफांचे गोळे अंगावर येतात. आठव्या जगात तर पाय ठेवायला एकेक विटेची जागा, दोन्ही बाजूंना पोकळी. आणि या खेळात केलेली वाटचाल जपून ठेवायची सोय नाही. संच बंद केला की गेले. आता तुम्ही तो काळ आठवा. २००५ नंतरची ती वर्षे, भारनियमनाची. कधी आठ तास, कधी बारा तास. सातव्या जगात पोचावे, श्वास रोखून एखादा पूल ओलांडावा, आणि खट्! गावभर अंधार. शेजारच्या घरातून मोटारीच्या नावाने शिव्या, आमच्या घरातून मारिओच्या नावाने. त्या अंधारात मुलगा एकदाही रडला नाही हे मात्र मला आज आठवते. म्हणायचा, ‘‘बाबा, आता मला सातव्यापर्यंतचं सगळं येतं. लाइट आली की परत जातो.’’

आणि जायचा. २००७ च्या उन्हाळ्यात, अकरा वर्षांचा असताना, त्याने राजकन्या सोडवली. मी दौऱ्यावर होतो. आमच्या आईने, म्हणजे त्याच्या आजीने, ते पाहिले, आणि मी घरी आल्यावर सांगितले, ‘‘पोराने कुणाची तरी पोर सोडवून आणली बाबा.’’

त्याच पिवळ्या कॅसेटमध्ये ‘कॉन्ट्रा’ नावाचाही एक खेळ होता. दोन शिपाई, धावत गोळ्या झाडणारे. एक गोळी लागली की मेला, तीन जीव. पण पोरांना एक मंत्र माहीत होता: वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे, बी, ए. सुरुवातीला एवढे दाबले की तिनाचे तीस जीव होतात. या मंत्राचा जन्म मोठा गमतीचा आहे. कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ नावाचा खेळ घरच्या संचासाठी तयार करत होते. तो तपासण्यासाठी खेळून बघायचा, तर त्यांना स्वत:लाच तो जमेना! म्हणून त्यांनी आपल्यापुरती ही पळवाट ठेवली, आणि ती तशीच आत राहून गेली. मला हे गृहस्थ फार जवळचे वाटतात. एकरी उत्पन्नाच्या कागदोपत्री शिफारशी सांगताना समोरचा शेतकरी माझ्याकडे ज्या नजरेने बघतो, ती नजर त्यांना बरोबर कळली असती. २०२० मध्ये ते वारले.

असो. मुलगा मोठा झाला, पदवी झाली, २०१८ मध्ये स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला पुण्याला गेला. तुमच्यापैकी अनेकांच्या घरातून एक ना एक पोर असे गेलेले असेल, त्यामुळे मी फार सांगत नाही. खोलीचे भाडे, मेसचे पैसे, अभ्यासिकेची फी. पहिली परीक्षा गेली. दुसऱ्या वेळी करोना आला, तारखा पुढे पुढे गेल्या. पुढच्या वेळी मुलाखतीपर्यंत पोचला आणि यादीत नाव आले नाही. त्यानंतर परीक्षेची पद्धतच बदलणार, मग इतक्यात नाही, मग बदलणार, असे चालले. यात कोणाचा दोष मी काढत नाही. पद्धती बदलाव्याच लागतात. सात वर्षे गेली एवढेच म्हणतो. गेल्या वर्षी उन्हाळ्यात तो दोन पिशव्या आणि पुस्तकांचे एक खोके घेऊन घरी आला आणि माडीवरच्या खोलीत जाऊन झोपला.

बाप म्हणून काय बोलावे? तीस वर्षे मी लोकांशी बोलण्याचा पगार घेतला. पीक बुडालेल्या माणसाच्या ओट्यावर बसून काय बोलायचे ते मला येते. ‘‘पुन्हा उभे राहू’’ म्हणायचे, आणि बी-बियाण्याचे काय करता येईल ते बघायचे. पण एकोणतीस वर्षांचा स्वत:चा मुलगा जेवणाच्या ताटावर मान खाली घालून बसला की शब्द फुटत नाही. त्याच्या आईला फुटत, पण ते ‘‘भाजी वाढू का’’ याच्यापुढे जात नसत. पाहुणे यायचे, ‘‘काय, कुठवर आलं?’’ विचारायचे. तो उठून जायचा.

मृग लागायच्या सुमारास सौ.ने ट्रंक आवरायला काढली, आणि ते माती-परीक्षणाचे कागद बाहेर आले. संच माळ्यावर होता. जुना टीव्ही नव्हता, नव्याला ती वायर चालेना. तालुक्याच्या दुकानदाराने कुठलासा जोड दिला तेव्हा चित्र आले, तेही फिकट. मी खेळायला बसलो. त्याला बोलावले नाही. तो तिसऱ्या दिवशी आपणहून दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘बाबा, तुम्ही तिथं थांबता कशाला? थांबलात म्हणून मेलात.’’

त्या पावसाळ्यात आम्ही जवळजवळ रोज रात्री खेळलो. एक मेला की दुसऱ्याची पाळी. पडद्याकडे बघत असले की माणसाला बोलायला सोपे जाते. समोरासमोर बसले की नाही. त्याने मला पुण्याच्या खोलीतल्या पाचही पोरांची हकिकत सांगितली. कोणाचे काय झाले, कोण गावी गेला, कोण तिथेच एका दुकानात लागला. अशाच एका रात्री मी त्याला म्हणालो, ‘‘लहानपणी तू या खेळात शंभरदा मेला असशील, पण सोडला नाहीस.’’ माझ्या बोलण्याचा रोख त्याला कळला. त्याने कळ खाली ठेवली.

‘‘बाबा,’’ तो म्हणाला, ‘‘इथं खड्डा जागचा हलत नाही. काल जिथं पडलो तिथंच आज खड्डा आहे, म्हणून कालचं पडणं कामाला येतं. तिकडं मी दरवेळी नव्या खड्ड्यात पडलो. शंभर वेळा पडून मला काय येतं सांगा?’’

मी काहीच बोललो नाही. दुसऱ्या दिवशी शेतावर, त्यानंतर बैठकीत, एस.टी.त, तेच डोक्यात. प्रयत्न सोडू नका, अपयश ही यशाची पहिली पायरी, असे आपण पोरांना किती सहज सांगतो! शाळेच्या भिंतीवर लिहितो. पण ती पायरी कधी होते? खड्डा होता तिथेच राहिला तर. कलम बांधायला शिकताना पहिली वीस कलमे वाळतात, एकविसावे जगते; कारण झाडाची साल, पाती, बांधायची पट्टी यांचा नेम ठरलेला असतो. तिथे पुन्हा कर म्हणणे बरोबर. पण कांद्याला गेल्या वर्षी भाव पडला, म्हणून यंदा ‘पुन्हा प्रयत्न’ करणाऱ्या शेतकऱ्याला गेल्या वर्षीच्या पडण्यातून हाताला काय लागते? भावाचा खड्डा कुठे असेल हे त्याला ठाऊक नाही आणि मलाही नाही. त्याला मी ‘जिद्द सोडू नका’ म्हणत नाही. मी म्हणतो, सगळे रान कांद्याखाली घालू नका. मग पोटच्या पोरालाच तेवढे जिद्दीचे भाषण का?

आणखी एक प्रकार आहे, तो इथे सांगून ठेवतो, कारण घराघरात ‘गेम’ हा एकच शब्द सगळ्याला वापरतात. मारिओचा खड्डा तुम्हाला फसवायला बसलेला नाही. त्याला ओलांडून तुम्ही पुढे जावे हीच खेळ रचणाऱ्याची इच्छा आहे. मोबाइलवर पैसे लावून खेळायचे जे पत्ते आणि पैजा आल्या, त्यांचा नफाच तुमच्या पडण्यावर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा केला, ते बरे झाले. पण माझ्या ओळखीच्या दोन घरांतली जमीन त्याआधीच गहाण पडली होती. तेव्हा पोरगे मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसले की नुसते ओरडू नका. काय खेळतो ते शेजारी बसून बघा. पैसे मागणारा खेळ असेल तर हातचा मोबाइल काढून घ्या. उड्या मारणारा मिशीवाला असेल तर एक पाळी तुम्हीही मागा.

गावात बोलणे झालेच. बाप साहेब, पोरगा एवढा शिकलेला, आणि दोघे रात्री टीव्हीपुढे उड्या मारतात. एका भावकीतल्या काकांनी मला पारावर सरळ विचारले, ‘‘भाऊसाहेब, पोराला नादी लावलं की काय?’’ मी म्हणालो, ‘‘काका, पोरानंच मला लावलं.’’ त्यांना ते पटले नाही.

पोराचे पुढे काय, हे विचारणार असाल तर सांगतो. रब्बीत त्याने दोन एकर हरभरा स्वत:च्या अंगावर केला. बीजप्रक्रिया केली, घाटेअळीचे कामगंध सापळे लावले, मला न विचारता. वाण कोणता घ्यावा यावरून आमचे भांडण झाले आणि त्याने त्याचेच खरे केले. पुस्तकांचे खोके अजून माडीवर आहे. त्याने ते विकले नाही आणि उघडलेही नाही. एखादी परीक्षा तो पुन्हा देईल का, हे मी विचारत नाही. त्याच्या आईनेही आता विचारू नये असे आमचे ठरले आहे. ती पाळते, बहुतेक वेळा.

राहता राहिलो मी. मी आठव्या जगाच्या तिसऱ्या टप्प्यावर अडकलो आहे. तिथे दोन हातोडेवाले कासव-शिपाई विटांच्या दोन थरांवर वर-खाली उड्या मारत असतात आणि हातोडे भिरकावत असतात. खड्डे मला सगळे पाठ झाले, अगदी डोळे मिटून सांगेन. पण हे दोघे पाठ होत नाहीत. कधी लागोपाठ फेकतात, कधी थांबतात, कधी दोघेही वर, कधी एक खाली; दर वेळी निराळे. आणि त्यांचा नेम समजून घ्यायला फार वेळ उभे राहिलो तर तेच अंगावर चालून येतात. तुमच्यापैकी किंवा तुमच्या मुलांपैकी कोणी त्यांना ओलांडून गेले असेल तर कसे गेलात ते मला जरूर कळवा. आमच्या चिरंजीवांना विचारण्यात अर्थ नाही. तो नुसते ‘‘बघून जायचं, बाबा’’ म्हणतो, आणि रात्रपाळीची लाइट आली की बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघून जातो.